म्हशींच्या बोळाची तडजोड

जोतिबाच्या डोंगरावर एका रविवारी माझ्या अशिलानं गुलालावर हात ठेवून आपल्या विधवा भावजयीला शब्द दिला. मी शेजारीच उभा होतो. मी तो शब्द ऐकला. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, वकीलखोलीतल्या मित्रांना नाही, आणि ज्या कोर्टानं मला ते सरळ विचारलं त्या कोर्टालाही नाही.

गंगावेशीजवळ माझ्या अशिलाचं आणि त्याच्या थोरल्या भावाचं एकच घर होतं. पुढचा भाग रस्त्यावर, मागे दोन खोल्या आणि गोठा. घराच्या कडेनं रस्त्यापासून गोठ्यापर्यंत एक बोळ जात होता. गाभण म्हैस आत शिरली की तिची दोन्ही अंगं भिंतींना घासायची, एवढाच रुंद. मागच्या बाजूला आणखी एक दार होतं, पण त्यातून माणूस जेमतेम वाकून बाहेर पडे. जनावराला ये-जा करायला बोळाखेरीज वाट नव्हती.

थोरला भाऊ म्हशी सांभाळायचा. धाकटा, म्हणजे माझा अशील, गुळाच्या बाजारात दलाली करायचा. थोरला अचानक वारला. मूलबाळ नव्हतं. बायको माहेरी कुरुंदवाडला निघून जाईल असं सगळ्यांना वाटलं होतं. ती गेली नाही. सकाळी म्हशी पंचगंगेवर धुवायला न्यायची, आणि दिवस कलताना गंगावेशीच्या कट्ट्यावर आणून गिऱ्हाइकासमोर धार काढायची. तालमीतली पोरं लंगोटावर टॉवेल गुंडाळून रांगेत उभी असत. फेस उतरायच्या आत पेला रिकामा करायचा आणि पुढच्याला जागा द्यायची, अशी तिची शिस्त होती. एखादा रेंगाळला तर म्हणायची, “दूध पितूयास का लगीन ठरवतूयास? सर की बाजूला.”

तोंडाची फटकळ होती. मला ती कधी आवडली नाही. हे आधी सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं त्यातून आलं.

संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं त्या सुमाराला दिरानं घर आपलं एकट्याचं आहे असं बोलायला सुरुवात केली. तिनं निम्म्या हिश्शाचा दावा लावला. दिराचं वकीलपत्र मी घेतलं. मी नवीन होतो, अंगात काळा कोट होता आणि काम नव्हतं. तिचा उलटतपास मी घेतला तेव्हा मुद्दा हिश्शाचा होता. मी प्रश्न विचारले लग्नाचे.

“तुमचं लग्न लागलं होतं, की नुसता पाट?”

“लगीन.”

“भटजी कोण होता?”

“आता कसं ध्यानात ऱ्हाईल?”

“म्हणजे सांगता येत नाही.”

“सांगतीया की, लगीन लागलं म्हनून.”

त्या प्रश्नांनी खटल्यात काडीचा फरक पडणार नव्हता. पाटाच्या बायकोलाही तोच हक्क असतो, हे मला ठाऊक होतं. चार लोकांसमोर तिची मान खाली जावी एवढ्यासाठीच मी विचारले. अशील मागे बाकावर बसून खूश होता.

मधल्या सुट्टीत मी व्हरांड्यात आलो तर ती खांबाला टेकून उभी. आजूबाजूला पक्षकार, पट्टेवाले, दोन-तीन वकील.

“ओ वकीलसाहेब,” तिनं मोठ्यानं हाक मारली. “माझ्या लग्नाची लई काळजी लागलीया तुमास्नी. तुमच्या आईच्या लग्नात भटजी कोन हुता? जावा की घरला आनि इचारून या. आमी थांबतो हितं.”

सगळा व्हरांडा हसला. पट्टेवाला तोंडावर हात ठेवून हसला. पुढं कित्येक महिने वकीलखोलीत चहाचा कप पुढं करताना कुणी ना कुणी विचारायचं, “काय हो, घरी विचारून आलात का?” मीही हसायचो. आतून जळायचो. त्या बाईचा मी द्वेष करू लागलो. हा शब्द मी आज पहिल्यांदा वापरतो आहे. तेव्हा मी त्याला अशिलाशी इमान म्हणत होतो.

दावा लांबला. तिचा वकील म्हातारा होता, तो आजारी पडून कोर्टात यायचा बंद झाला. दुसरा करायचं तिच्या मनात दिसेना. इकडं माझा अशीलही तारखांना कंटाळला. शेवटी कुरुंदवाडहून तिचा भाऊ आला आणि मध्ये पडला. अशिलाच्या ओसरीवर बैठक झाली. ठरलं ते असं: तिनं पुढच्या घरावरचा हक्क सोडायचा आणि दावा काढून घ्यायचा. दिरानं मागच्या खोल्या, गोठा तिच्याकडं राहू द्यायचा, आणि ती जिवंत असेपर्यंत बोळ तिच्या म्हशींसाठी मोकळा ठेवायचा.

तिच्या भावानं कागद करू म्हटलं. तिनं त्याला तिथंच गप्प केलं.

“कागद नगं. कागदावर काय लिवलंय ते वाचनारा सांगंल तसं. गुलालाला वाचाय लागत न्हाय. भावजी, डोंगरावर चला. जोतिबाम्होरं हात ठिवून बोला, मग मिटलं.”

“चल की वैनी,” अशील म्हणाला. “मी काय भितो का देवाला?”

आमच्या भागात भाऊबंदकीतली भांडणं अशीच मिटत. बेलभंडारा उचलायचा, गुलालावर हात ठेवायचा, आणि मग त्या शब्दाला कुणी बोट लावायचं नाही. वर्षानुवर्षं घरं त्यावर चालली आहेत. पण त्यांचं भांडण आता कोर्टात होतं, आणि कोर्टातलं भांडण डोंगरावर मिटवलं तरी ते पुन्हा कोर्टात येऊन नोंदवावं लागतं. ओसरीवरच्या माणसांत हे फक्त मला माहीत होतं. मी पान खात होतो. बोललो नाही.

रविवारी ती, तिचा भाऊ, अशील आणि मी सर्व्हिस मोटारीनं पायथ्याला उतरलो आणि चढून गेलो. देवळात ही गर्दी, चांगभलंचा गजर, पायाखाली गुलालाचा चिखल. गुरवानं ताटात मूठभर गुलाल दिला. अशिलानं त्यावर उजवा हात ठेवला आणि म्हणाला, “वैनी, तू दावा काढून घेतलास की बोळ तुझ्या म्हशींस्नी मोकळा. तू जित्ती हायस तवर मी त्यात वीट घालायचो न्हाय. घातली तर ह्यो बसलाय तो मला बघून घेईल.”

त्या वेळी तो खोटं बोलत होता असं मला वाटत नाही. ती मात्र त्याच्याकडं बघत नव्हती. ती माझ्याकडं वळली.

“वकीलसाहेब, तुमी ऐकलंसा न्हवं?”

“ऐकलं, बाई.”

“मग बास.”

पुढच्या तारखेला तिच्याकडं वकील नव्हता, म्हणून दावा काढून घेण्याची पुरशीस, म्हणजे कोर्टात द्यायचं निवेदन, मीच लिहिली. समोरच्या बाजूच्या बाईसाठी मी लिहिली. वादीला दावा चालवायचा नाही, एवढंच लिहिलं, तिला वाचून दाखवलं, आणि तिनं अंगठा उठवला. न्यायाधीशांनी तिला विचारलं, “बाई, खुशीनं काढून घेताय ना?”

“व्हय साहेब. आमचं मिटलं.”

“काय मिटलं?”

“ते आमच्या घरातलं हाय.”

न्यायाधीशांनी माझ्याकडं पाहिलं. मी फाइलीची दोरी बांधत होतो.

तडजोड म्हणजे कायद्याच्या भाषेत एक करारच. एकानं दावा सोडायचा, दुसऱ्यानं त्याबदली काही द्यायचं. दावा सोडणं हाच त्यातला मोबदला. त्या क्षणी मी उठून दोन वाक्यं बोललो असतो, बोळाची अट सांगितली असती, तर न्यायाधीशांनी ती लिहून घेऊन तसा हुकूमनामा दिला असता, आणि तो मोडायची पुन्हा कुणाची छाती झाली नसती. मी न बोलल्यामुळं झालं असं की तिचा दावा कायमचा गेला, कारण पुन्हा लावायची मुभा न मागता काढून घेतलेला दावा पुन्हा लावता येत नाही. आणि बदल्यात तिला जे मिळालं ते फक्त चार माणसांच्या कानात राहिलं. बाहेर आल्यावर अशिलानं मला मिठी मारली. मला व्हरांड्यातलं ते हसणं आठवलं आणि बरं वाटलं. हेही लिहून ठेवतो.

काही वर्षं बोळ मोकळा राहिला. मग अशिलाचे मुलगे कर्ते झाले आणि त्यांना पिठाची गिरणी घालायची होती. गिरणीला रस्त्याकडंची जागा हवी. बोळावर छप्पर टाकलं की झाली खोली.

एका सकाळी ती म्हशी घेऊन नदीवर गेली आणि मागे गवंड्यांनी भिंत घातली. दुपारनंतर मला अशिलाचं बोलावणं आलं, म्हणून मी गेलो. सगळ्या म्हशी रस्त्यात उभ्या होत्या. रोजच्या जागी वळायला जायच्या, भिंतीला तोंड लागायचं, आणि तिथंच हंबरायच्या. धारेची वेळ झाली होती, कासा तटतटल्या होत्या. ती अशिलाच्या दारासमोर रस्त्यातच बसली आणि तिथंच धार काढायला लागली. कट्ट्यावरची गिऱ्हाइकं हुडकत हुडकत तिथं आली. तिनं त्यांना तिथंच रतीब घातला. एकानं विचारलं, “मावशी, आज हितं कसं?”

“आज भावजींनी नवी वाट काढलीया. आत न्हाय, भाईर.”

अशील खिडकीत उभा होता. “वैनी, तमाशा करू नगंस!”

“तमाशाला पैसं पडत्यात भावजी. ह्ये फुकट हाय, बघा की.” मग तिनं मला पाहिलं. “आलं का वकीलसाहेब? तुमच्या अशिलानं देवाला टांग मारली. आता तुमी काय मारतासा?”

मी चपला काढल्या आणि घरात शिरलो. आत गेल्यावर अशील माझ्यावरच खेकसला. “बोलाय येत न्हाय तुमास्नी? देवाचं मी बघतो. अनवाणी जाईन, दंड भरीन. कोर्टाचं तुमी बघा.”

तिनं दुसरा दावा लावला. या वेळी एक तरुण वकील होता, हुशार. हिश्शाचा दावा पुन्हा लावता येत नाही हे त्याला कळलं होतं, म्हणून त्यानं तडजोडच पुढं केली: करार झाला, तिनं तिच्या बाजूचं केलं, आता दिराला त्याच्या बाजूचं करायला लावा. मुद्दा पक्का होता. घरातल्या घरात झालेली तोंडी तडजोड कायद्याला चालते. फक्त ती झाली हे शाबीत करावं लागतं.

आता जे सांगतो ते सगळ्यांत वाईट. हे वकीलपत्र मी नाकारू शकलो असतो, आणि नाकारायलाच हवं होतं, कारण मी साक्षीदार होतो. अशिलाला ते सुचलंही नव्हतं. मीच त्याला म्हणालो, “मीच तुमचा वकील राहतो. म्हणजे ती मला पिंजऱ्यात कशी घालील?” तो म्हणाला, “तुमी माझ्यापरीस बेरकी हायसा की.” त्याला ते कौतुक वाटलं होतं.

तिच्या बाजूनं भाऊ साक्षीला आला. सख्खा भाऊ बहिणीच्या बाजूनंच बोलणार, असं मी म्हटलं आणि बसलो. गुरवाला बोलावलं. तो म्हणाला, “साहेब, दर रविवारी माणसं शपथा घेत्यात. कोन खरं, कोन खोटं, ते देवाला ठावं. मी ताट धरतो.” अशील पिंजऱ्यात उभा राहून म्हणाला, “डोंगराव गेलतो, दर्शन घेतलं, आलो. आनि काय झालं न्हाय.” बोलताना त्यानं उजवा हात खिशात घातला होता.

मग ती उठली. तिचा वकील तिला खाली बसवत होता, ती बसेना.

“साहेब, मला एक बोलायचं हाय. ह्ये वकील तितं हुतं. ह्येंनी गुलालावर हात ठिवावा आनि सांगावं. ह्ये म्हनतील ते मला मान्य. न्हाय झालं म्हनलं तर न्हाय झालं. मी घरला जाते.”

तिच्या वकिलाचा चेहरा उतरला. “अहो, असं बोलू नका,” तो कुजबुजला. न्यायाधीशांनी तिला समजावून सांगितलं की शपथेच्या कायद्यात अशी सोय आहे खरी. पण एकदा तुम्ही दुसऱ्याच्या शपथेला बांधून घेतलंत की तो म्हणेल तेच कोर्टाला धरावं लागेल, मागं फिरता येणार नाही. “शिवाय हे तर समोरच्या बाजूचे वकील. शपथ घालायचीच तर दिराला का नाही घालत?”

“त्यो एकदा देवाम्होरं खोटा पडलाय साहेब. पुन्यांदा पडाय त्याला काय जड जाईल? ह्ये अजून पडलं न्हाईत.”

ज्या माणसाचा ती तिरस्कार करत होती, ज्यानं तिच्या लग्नावर चिखल उडवला होता, त्याच्याच एका शब्दावर तिनं आपल्या म्हशी, आपलं पोट, सगळं टाकलं होतं. मी तिला वाटतो तसा दुष्ट असेन, पण देवापुढं खोटं बोलणार नाही, असं तिनं धरून चाललं होतं. मला तो अपमान वाटला. खरंच, अपमान वाटला. ही बाई मला ओळखते, ही मला सोडत नाही, अशी चीड आली.

न्यायाधीश म्हणाले, “वकीलसाहेब, तुमची तयारी आहे?”

मी उभा राहिलो. मला हो म्हणता आलं असतं. वकीलपत्र परत करून, हात ठेवून, जे ऐकलं ते एका वाक्यात सांगता आलं असतं. मला खोटं बोलायचं धाडस नव्हतं आणि खरं बोलायची इच्छा नव्हती. मी म्हणालो, “मी प्रतिवादीचा वकील आहे. माझ्या अशिलाच्या संबंधात मला जे कळलं ते त्याच्या संमतीशिवाय मी सांगू शकत नाही. म्हणून शपथ घ्यायला माझा नकार आहे.”

हे कायद्यानंही खोटं होतं. अशिलानं वकिलाला विश्वासानं सांगितलेली गोष्ट गुप्त असते. समोरच्या माणसाच्या तोंडावर, भरल्या देवळात बोललेल्या वाक्याला कसली गुप्तता? तिचा वकील हे बोलायला उठलाही, पण तो नवखा होता, अडखळला. वकिलाला कोण सक्ती करणार, म्हणून न्यायाधीशांनी नकार आणि त्याचं कारण लिहून घेतलं.

ती अजून उभीच होती. आवाज न चढवता म्हणाली, “म्हंजे तुमी ऐकलंसा. न्हाय ऐकलं असतं तर हात ठिवला असता की.”

“बाई, नकारावरून कोर्टाला काही ठरवता येत नाही,” न्यायाधीश म्हणाले.

“कोर्टाला न्हाय येत. मला येतंय.”

निकाल तिच्याविरुद्ध गेला. तडजोड झाल्याचं शाबीत झालं नाही, असं लिहिलं होतं. अशिलानं पेढे वाटले. त्याच संध्याकाळी तो अनवाणी जोतिबाला गेला. मला चल म्हणाला. मी डोकं दुखतं म्हणून सांगितलं.

भिंत झाल्या दिवसापासून म्हशी तिनं नात्यातल्या एका गोठ्यात ठेवल्या होत्या. मग तिथं कटकट झाली. एक-एक करून विकल्या, शेवटच्या दोन कुरुंदवाडला भावाकडं पाठवल्या. ती स्वतः गेली नाही. त्या मागच्या दोन खोल्यांत राहिली आणि दुसऱ्याच्या गोठ्यावर धारा काढायला जाऊ लागली. जिथं तिची गिऱ्हाइकं रांगेत उभी राहत, त्याच कट्ट्यावर आता ती दुसऱ्याच्या म्हशीखाली बसायची.

बोळात गिरणी सुरू झाली. पट्टा फिरायला लागला की मागच्या खोल्यांची भांडी वाजतात, असं कुणीसं मला सांगितलं. मी विषय बदलला.

एकदा, बऱ्याच दिवसांनी, मी घरच्या पाहुण्याला घेऊन कट्ट्यावर गेलो होतो. ती तिथं असेल हे मला ठाऊक नव्हतं असं मी म्हणणार नाही. पाहुण्याला तिनं पेला भरून दिला. मी पुढं झालो तर तिनं चरवीवर हात आडवा ठेवला.

“तुमास्नी न्हाय.”

“का? दूध संपलं का?”

“हाय की दूध, लई हाय. तुमास्नी न्हाय. फुडच्या म्हशीकडं बघा, पावणं.”

इतक्या वर्षांत तिनं मला वकीलसाहेब सोडून काही म्हटलं नव्हतं. त्या दिवशी मला ‘पावणं’ म्हणून तिनं परका करून टाकलं. पाहुणा हसत विचारत होता, हे काय प्रकरण? मी म्हणालो, जुनी पक्षकार आहे, तोंडाची फटकळ.

अशील आता नाही. मुलगे गिरणी चालवतात आणि मला रस्त्यात भेटले की नमस्कार करतात. मी पंचेचाळिशी ओलांडली. चार लोक मला शांत, कमी बोलणारा वकील म्हणून मानतात. कमी बोलण्याची सवय मला कुठं लागली ते त्यांना माहीत नाही. इथं कुणाचं नाव लिहिलेलं नाही, आणि म्हणूनच हे लिहिणं मला जमलं. नावाशिवाय लिहिलेल्या या पानांचा तिला काही उपयोग नाही, हे मला कळतं.

ती जिवंत असेपर्यंत बोळ तिचा, असं ठरलं होतं. ती जिवंत आहे. तिच्या पुतण्यांसमोर आणि लागलं तर कोर्टात उभं राहून, तिच्या दिरानं शब्द दिला आणि तो मी ऐकला, एवढं सांगण्याचं देणं मी तिचं लागतो. ते मी अजून सांगितलेलं नाही.